घरून सामना पाहतानाची धाकधूक: आदल्या दिवसापासून शेवटच्या शिट्टीनंतरपर्यंत काय करावे आणि कोणत्या क्रमाने

आपल्या संघाचा बाद फेरीचा सामना घरी बसून पाहताना जीव कसा टांगणीला लागतो, हे फुटबॉल पाहणाऱ्याला वेगळे सांगायला नको. मात्र ही धाकधूक आवरण्याचा प्रयत्न बहुतेक जण ८५व्या मिनिटाला सुरू करतात आणि तेव्हा करण्यासारखे फारसे काही उरलेले नसते. मैदानावर गेलेला प्रेक्षक ओरडतो, उभा राहतो, अनोळखी माणसाचाही हात घट्ट धरतो. त्याच्या घालमेलीला बाहेर पडायला वाट असते. घरातल्या प्रेक्षकाला ती वाट नसते. त्याच्या हाताशी असतात ते रिमोट, मोबाईल आणि शेजारच्या खोलीचे दार. स्कोअर दुसरीकडे पाहू का, आवाज बंद करू का, उठून जाऊ का, ग्रुपवर काही लिहू का, असा प्रत्येक प्रश्न मनात आला की धडधड आणखी वाढते. म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्यांचा रोख एकच आहे: सामना चालू असताना घ्यावे लागतील असे निर्णय तो सुरू होण्यापूर्वीच घेऊन ठेवायचे.

या पायऱ्या प्रामुख्याने युरोपातील रात्रीच्या सामन्यांसाठी लिहिल्या आहेत, कारण सर्वाधिक चुका तिथेच होतात. इंडियन सुपर लीगच्या (आयएसएल) संध्याकाळच्या सामन्यालाही, झोपेचा भाग सोडला, तर त्या जशाच्या तशा लागू पडतात.

पायरी १: तारीख, वेळ आणि गणित कागदावर उतरवा (आदल्या दिवशी)

चॅम्पियन्स लीगचे बहुतेक सामने मध्य युरोपात रात्री ९ वाजता सुरू होतात. हिवाळ्यात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे १.३० वाजलेले असतात. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळे एक तास पुढे सरकली की तीच वेळ १२.३० होते. त्यामुळे मार्चच्या पहिल्या पंधरवड्यातील सामना दीडला, तर एप्रिलमधला सामना साडेबाराला सुरू होतो. मार्चमध्ये लावलेला गजर एप्रिलमध्ये तसाच ठेवला, तर जाग येईपर्यंत अर्धा तास खेळ होऊन गेलेला असतो.

तारखेची चूक याहून महागात पडते. युरोपातील मंगळवारचा सामना आपल्या कॅलेंडरवर बुधवारी, म्हणजे मंगळवारची मध्यरात्र उलटल्यावर येतो. ‘बुधवार, १.३०’ असे वाचून बुधवारी रात्री गजर लावणाऱ्याचा सामना संपून जवळपास पूर्ण दिवस उलटलेला असतो. म्हणून कागदावर वार लिहिताना ‘मंगळवारी झोपल्यानंतर’ असेच लिहावे.

त्यानंतर गणित मांडा. समजा, बाद फेरीची लढत दोन सामन्यांची आहे, दोन्हींतले गोल एकत्र मोजले जातात, आणि पहिला सामना आपल्या संघाने २-१ असा जिंकला आहे. परतीच्या सामन्यात बरोबरी झाली तरी पुढे जातो. एका गोलने हरलो तर जादा वेळ. दोन गोलांनी हरलो तर बाहेर. एवढ्या तीन ओळी मोठ्या अक्षरांत लिहून टीव्हीशेजारी ठेवाव्यात. प्रतिस्पर्ध्याने पहिला गोल केल्यावर घाबरलेले डोके हे साधे गणितही चुकवते, आणि अजून बरोबरीत असलेली लढत हरल्यासारखी वाटू लागते. परक्या मैदानावरील गोलला अधिक महत्त्व देणारा नियम युरोपच्या स्पर्धांमधून २०२१-२२ च्या हंगामापासून रद्द झाला आहे. तरीही जुन्या सवयीने तो मोजणारे अनेक जण अजून आहेत आणि ते विनाकारण हवालदिल होतात.

शेवटी, संपण्याची वेळही लिहा. दीडला सुरू झालेला सामना साधारण ३.२५ पर्यंत संपतो. जादा वेळ झाला तर चार वाजतात आणि पेनल्टी शूटआउट झाले तर सव्वाचार. सव्वाचारपर्यंत जागण्याची तयारी मनाने आधीच केलेली असली की ‘उद्या कामावर कसे जाणार’ ही दुसरी काळजी पहिल्या काळजीत मिसळत नाही.

*तपासणी: कागदावर वार, सुरू होण्याची वेळ, तीन ओळींचे गणित आणि संपण्याची सर्वांत उशिराची वेळ, या चारही गोष्टी आहेत ना?*

पायरी २: प्रक्षेपणातला उशीर आधी मोजा (त्याच संध्याकाळी)

घरून पाहणाऱ्याच्या धाकधुकीचे सर्वांत मोठे आणि सर्वांत सहज टाळता येण्यासारखे कारण हे आहे, म्हणून इथे थोडे थांबावे लागेल.

तुमच्या पडद्यावर दिसणारा क्षण मैदानावर आधीच घडून गेलेला असतो. टीव्हीवरील वाहिनी काही सेकंद मागे असते. इंटरनेटवरचे ॲप साधारण अर्धा मिनिट आणि कधी त्याहूनही जास्त मागे असते. मोबाईलवर येणारी गोलची सूचना मात्र या दोहोंच्या आधी पोहोचू शकते. याचा परिणाम असा होतो की पडद्यावर आपला खेळाडू कॉर्नर घेण्यासाठी चेंडू अजून नीट ठेवतो आहे, आणि समोरच्या इमारतीतून, जिथे टीव्हीवर सामना लागला आहे, तिथून आरोळी ऐकू येते. ती आरोळी आनंदाची की हळहळीची, हे ओळखण्यात पुढची वीस-पंचवीस सेकंदे जातात. असे दोनदा झाले की मग खेळ पाहणे बाजूला राहते आणि कान रस्त्याकडे लागतात.

यावरचा उपाय पुढील क्रमाने करावा.

पहिले, एकच माध्यम ठरवा. घरी डीटीएच किंवा केबल असेल तर सामना तिथेच पाहा, ॲप केवळ राखीव ठेवा. ‘खात्रीसाठी’ मोबाईलवर दुसरे प्रक्षेपण चालू ठेवण्याची सवय पूर्णपणे सोडा, कारण तुम्ही एकच सामना दोन वेगळ्या क्षणी पाहू लागता.

दुसरे, ॲपवरच पाहायचे असेल तर संध्याकाळी चालू असलेला कोणताही थेट सामना लावा, टीव्ही असलेल्या मित्राला फोन करा आणि तोच चेंडू त्याला तुमच्या किती आधी दिसतो ते मोजा. नेमका आकडा कळला की रात्री बाहेरून आलेला आवाज आपल्या पडद्यावरील प्रसंगाचा नाही, हे मनाला पटते.

तिसरे, सूचना बंद करा आणि मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा. स्कोअर देणारी ॲप, बातम्यांची ॲप, व्हॉट्सॲपवरील मित्रांचा आणि नातेवाइकांचा ग्रुप, शिवाय हातातले स्मार्ट घड्याळ, यांतले काहीही विसरू नये. लंडनला किंवा दुबईला राहणारा भाऊ प्रेमानेच ‘गोऽऽल’ असे पाठवतो, पण त्याचे प्रक्षेपण तुमच्या पुढे असते. त्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवावे की आपण मध्यंतरात बोलू.

चौथे, वीज आणि इंटरनेट यांची सोय पाहा. घरी इन्व्हर्टर असेल तर राउटर त्यावर जोडलेला आहे का ते प्रत्यक्ष मेन स्विच बंद करून तपासा. दिवे आणि पंखे इन्व्हर्टरवर आणि राउटर मात्र साध्या जोडणीवर, ही मांडणी कितीतरी घरांत असते.

*इशारा: ॲप मध्येच अडकले तर लगेच ‘लाइव्ह’वर उडी मारू नका. चाळीस सेकंदांचा खेळ हुकतो आणि त्यात काय झाले याचा घोर लागून राहतो. जिथे अडकले तिथूनच पुढे पाहा. मोबाईल दूर असल्यामुळे तुम्हाला आधी सांगणारे कोणी नाही.*

पायरी ३: घरातल्या माणसांशी आधी बोला

मध्यरात्री आपल्यामुळे कोणाची झोप मोडेल ही भीती सामन्याच्या धाकधुकीत भर घालते, कारण ओरडणे गिळून टाकावे लागते. आई-बाबांना, पत्नीला किंवा पतीला, आणि एकत्र राहणाऱ्या मित्रांना आदल्या दिवशी सांगावे की अमुक वाजेपर्यंत मी बाहेरच्या खोलीत जागा असेन, एखादा आवाज झाला तर घाबरू नका. मधल्या खोलीचे दार बंद करावे. हेडफोन लावणार असाल तर त्याचा आवाज चित्राच्या मागे पडत नाही ना, हे आधी पाहावे. गोल झालाच तर ओरडण्यासाठी हाताशी एक जाड उशी ठेवावी. खालच्या मजल्यावर माणसे झोपलेली असतात, म्हणून उड्या मात्र मारू नयेत.

ठरावीक जर्सी, ठरावीक जागा, मागच्या विजयाच्या वेळी पायात होते तेच मोजे, असे संकेत बहुतेक चाहते पाळतात आणि त्यांत गैर काही नाही. ओळखीच्या कृतीने मन स्थिरावते. मात्र असा एकच संकेत ठेवा आणि तो स्वतःपुरता ठेवा. ‘तू आत आलीस आणि गोल झाला’ असे बहिणीला किंवा आईला ऐकवणे अन्यायाचे आहे. शिवाय ते एकदा मनात ठसले की घरातल्या प्रत्येकाच्या हालचालीकडे लक्ष जाऊ लागते आणि धाकधूक दुप्पट होते.

पायरी ४: शरीराची तयारी

जेवण साडेआठ-नऊपर्यंत आणि नेहमीपेक्षा हलके घ्यावे. सामना पाहताना भडंग किंवा फरसाणाचे ताट समोर ठेवले की हात नकळत चालत राहतो आणि रात्रीच्या तिसऱ्या प्रहरी पोट जड होते. मूठभर शेंगदाणे आणि पाण्याची बाटली पुरेशी आहे. दहा ते एक अशी झोप घेणे शक्य असेल तर जरूर घ्या. गजर एक वाजता, दुसरा पाच मिनिटांनी. चहा प्यायचा तर उठल्याबरोबर एकच कप. चहा-कॉफीतील कॅफिनचा निम्मा अंश सुमारे पाच तासांनीही शरीरात शिल्लक असतो, त्यामुळे अडीच वाजता घेतलेला दुसरा कप धडधडही वाढवतो आणि नंतरची झोपही घालवतो. दारूने ताण हलका होतो ही समजूत चुकीची आहे. तिच्यामुळे ताण वाढल्याचे भान तेवढे उशिरा येते.

*इशारा: हृदयविकार किंवा उच्च रक्तदाब असलेल्यांनी हे हलक्यावारी घेऊ नये. २००६ च्या विश्वचषकाच्या काळात म्युनिक परिसरात झालेल्या अभ्यासात जर्मनीच्या सामन्यांच्या दिवशी हृदयविकाराच्या तातडीच्या घटना एरवीच्या २.६६ पट आढळल्या होत्या, आणि आधीपासून हृदयविकार असलेल्यांमध्ये हे प्रमाण त्याहून जास्त होते. रात्रीची गोळी वेळेवर घ्या आणि एकटे बसू नका. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम किंवा धाप जाणवली तर स्कोअर काहीही असो, टीव्ही बंद करून घरच्यांना उठवा आणि १०८ ला फोन करा.*

पायरी ५: कोणासोबत पाहायचे ते ठरवा

याला एकच कसोटी लावावी: गोल खाल्ल्यानंतर ज्याच्या शेजारी गप्प बसता येते, त्याच्यासोबत पाहावे. सतत बोलणारा, प्रत्येक पासवर ‘गेलं, आता गेलं’ म्हणणारा मित्र कितीही जिवाभावाचा असला, तरी बाद फेरीला त्याला बोलावू नये. प्रतिस्पर्धी संघाचा चाहता साखळी सामन्याला चालेल, उपांत्य फेरीला नको. आणि सामन्यावर पैसे लावू नका, अगदी मित्रामित्रांतही नाही. कारण मग तुम्ही संघासाठी घाबरता की पैशासाठी, हे तुमचे तुम्हालाच उमगत नाही.

पायरी ६: पहिली वीस मिनिटे डोळ्यांना काम द्या

राष्ट्रगीत किंवा स्पर्धेचे गीत सुरू होते तेव्हा नाडी वाढलेली असतेच. ती लगेच खाली आणण्याचा अट्टहास न करता लक्ष कुठे लावायचे ते ठरवावे. कागदाच्या मागच्या बाजूला तीन प्रश्न लिहून ठेवा. आपली बचावफळी किती वर उभी आहे? चेंडू गमावल्यावर पहिला कोण धावतो? त्यांचा हल्ला कोणत्या बाजूने जास्त येतो? वीस मिनिटांत यांची उत्तरे शोधायची. उत्तरे बरोबर की चूक याला महत्त्व नाही. घाबरलेला प्रेक्षक फक्त चेंडू पाहतो, आणि चेंडू आपल्या गोलकडे येताना दिसला की प्रत्येक वेळी दचकतो. बाकीचे दहा खेळाडू पाहू लागलेल्या माणसाला तोच हल्ला येण्यापूर्वी दिसतो आणि कोण अडवणार आहे तेही दिसते.

श्वासासाठी एक सोपी पद्धत आहे. चेंडू रेषेबाहेर गेला, फाउल झाला किंवा खेळाडू बदलला जात असला की चार अंक मोजत श्वास आत घ्यावा आणि सहा अंक मोजत सोडावा. दात आवळलेले असतील तर सैल करावेत, पावले जमिनीला टेकवावीत. खेळ थांबण्याशी हे जोडले की वेगळे लक्षात ठेवावे लागत नाही.

पायरी ७: मध्यंतराची पंधरा मिनिटे

क्रम असा: आधी उठून स्वच्छतागृह, मग पाणी, मग गॅलरीत किंवा जिन्यापर्यंत एक फेरी, मग पहिल्या पायरीतला कागद पुन्हा वाचणे. भावाला फोन करायचा तर याच वेळात, आणि दुसरा भाग सुरू होण्याच्या दोन मिनिटे आधी फोन परत दुसऱ्या खोलीत.

इथली नेहमीची चूक म्हणजे मध्यंतराच्या स्कोअरवरून निकाल गृहीत धरणे. २००५ मध्ये चॅम्पियन्स लीगच्या इस्तंबूलमधील अंतिम सामन्यात मिलान मध्यंतराला ३-० ने पुढे होता; दुसऱ्या भागात लिव्हरपूलने अवघ्या सहा मिनिटांत तीन गोल केले आणि शूटआउटमध्ये चषक जिंकला. आघाडीवर असाल तर सैल पडू नका आणि मागे असाल तर टीव्ही बंद करून झोपायला जाऊ नका. अर्धवट सोडलेल्या सामन्यानंतर झोप येत नाही, आणि सकाळी कळलेला निकाल, तो कसाही असो, पचत नाही.

पायरी ८: ७५व्या मिनिटापासून शिट्टीपर्यंत

खरी परीक्षा इथे आहे. एका गोलची आघाडी राखताना मिनिटे सरत नाहीत, आणि मागे असताना तीच मिनिटे हातातून निसटतात. दोन्ही वेळा नजर खेळ सोडून पडद्याच्या कोपऱ्यातील घड्याळावर खिळते. त्यावर उपाय म्हणून ७५व्या मिनिटाला एक कागदाची पट्टी किंवा चिकट नोट टीव्हीच्या त्या कोपऱ्यावर लावून टाका. समालोचक वेळ सांगतच असतात; तेवढी पुरते.

दुसरी गोष्ट, ९० मिनिटांना सामना संपतो असे मनात धरूच नका. २०२२ च्या विश्वचषकापासून वाया गेलेला वेळ अधिक काटेकोरपणे मोजला जाऊ लागला आणि सात-आठ मिनिटांची भरपाई वेळ आता नवलाची राहिलेली नाही. गोव्याच्या चाहत्यांना हे सांगावे लागू नये. २४ एप्रिल २०२४ रोजी आयएसएलच्या फातोर्ड्यातील उपांत्य सामन्यात एफसी गोवा ९०व्या मिनिटापर्यंत २-० ने पुढे होता. त्यानंतर लालियानझुआला छांगतेने ९०व्या, विक्रम प्रताप सिंगने ९०+१व्या आणि पुन्हा छांगतेने ९०+६व्या मिनिटाला गोल केला आणि मुंबई सिटीने सामना ३-२ असा जिंकला. पुढच्याच वर्षी, ६ एप्रिल २०२५ रोजी, त्याच मैदानावर गोव्याने बंगळुरूविरुद्ध ८८व्या मिनिटाला एकूण गोलसंख्या बरोबरीत आणली आणि भरपाई वेळेत सुनील छेत्रीच्या हेडरने सगळे पुन्हा गेले. म्हणून मनात सामना ९८ मिनिटांचा धरावा. त्याआधी शिट्टी वाजली तर ती मिनिटे वाचली असे समजावे.

तिसरी गोष्ट व्हीएआरची, म्हणजे व्हिडिओ पाहून पंचांचा निर्णय तपासण्याची. १७ एप्रिल २०१९ रोजी चॅम्पियन्स लीगमध्ये टॉटनहॅमविरुद्ध रहीम स्टर्लिंगने भरपाई वेळेत गोल केला तेव्हा मँचेस्टर सिटी उपांत्य फेरीत गेल्याचे सगळ्यांनी मानले होते. ऑफसाइडमुळे तो गोल रद्द झाला आणि टॉटनहॅम पुढे गेला. गोल झाल्यावर आनंद आवरता येत नाही आणि आवरूही नये. पण मनातल्या गणितात तो मांडताना एक खूण धरावी: मध्यवर्तुळातून खेळ पुन्हा सुरू झाला की तो गोल तपासणीने परत घेतला जात नाही. तोपर्यंत कागदावर तो लिहायचा नाही.

*इशारा: या टप्प्यात खोलीबाहेर जाऊ नका. दाराआडून समालोचकाचा चढता आवाज ऐकणे हे पडद्यावर पाहण्यापेक्षा जास्त त्रासदायक असते, कारण चढता आवाज दोन्हीपैकी कोणत्याही गोलकडचा असू शकतो. अगदीच असह्य झाले तर जागेवर उभे राहा आणि टीव्हीचा आवाज निम्म्यावर आणा. आवाज पूर्ण बंद केला तर शांततेत स्वतःच्या छातीचे ठोके ऐकू येऊ लागतात.*

पायरी ९: जादा वेळ आणि पेनल्टी

जादा वेळ सुरू होण्यापूर्वीच्या छोट्या विश्रांतीत पाणी प्या आणि बसण्याची जागा मोकळी करा; या अर्ध्या तासात उभे राहून पाहणे बहुतेकांना सोपे जाते. थकलेल्या खेळाडूंमुळे खेळ विस्कळीत होतो, चुका दोन्हीकडून होतात आणि प्रत्येक चुकीला ‘आता संपले’ असे वाटते. २०२२ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात अर्जेंटिनाने १०८व्या मिनिटाला आघाडी घेतली, फ्रान्सने ११८व्याला बरोबरी साधली आणि अगदी शेवटी कोलो मुआनीचा फटका एमिलियानो मार्टिनेझने पायाने अडवला. इतक्या वेळा पारडे फिरू शकते, हे धरूनच बसावे.

शूटआउटला कागद पुन्हा उपयोगी पडतो. दोन रकाने आखून प्रत्येक फटका लिहावा, कारण पाच फटके पूर्ण होण्याआधीच निकाल कधी लागू शकतो याचा हिशेब तणावात चुकतो. खेळाडूच्या चेहऱ्याकडे न पाहता गोलरक्षकाच्या पायांकडे पाहावे. त्यातून काही कळेल म्हणून नव्हे, तर चेहऱ्यावरची भीती पाहणाऱ्यालाही लागते म्हणून. पाहवतच नसेल तर डोळे मिटून न घेता खाली रकान्यांकडे पाहा. पेन हातात असले की हात कापायचे थांबतात.

पायरी १०: शिट्टीनंतर

जिंकलात तर भावाला फोन करा, दोन मिनिटे बोला आणि टीव्ही बंद करा. पुन्हा पुन्हा गोल पाहत बसलात तर सकाळ होते.

हरलात तर मोबाईल दुसऱ्या खोलीतच राहू द्या. त्या वेळी लिहिलेले संदेश, विशेषतः खेळाडूंविषयी आणि पंचांविषयीचे, दुसऱ्या दिवशी वाचवत नाहीत, आणि चिडवणारेही त्याच वेळी जागे असतात. तोंडावर गार पाणी मारा, दहा मिनिटे घरातल्या घरात चाला आणि मगच आडवे व्हा. खुर्चीवरून थेट पलंगावर गेल्यास अंग झोपायला तयार नसते. घरातले कोणी जागे झाले असेल आणि विचारले, तर निकाल एका वाक्यात सांगा. सविस्तर सांगायला बसलात की सगळा सामना पुन्हा भोगावा लागतो. बंद केलेल्या सूचना सकाळी चहानंतर चालू करा, आणि हरलेल्या सामन्याची क्षणचित्रे पाहायचीच असतील तर संध्याकाळी, झोप भरून निघाल्यावर पाहा. दोनपैकी पहिल्या सामन्यातील पराभव असेल तर परतीच्या सामन्याची तारीख मात्र लगेच लिहून ठेवा, आणि मध्यंतरी मार्चचा शेवटचा रविवार येत असेल तर गजर एक तास अलीकडे घ्या.